संपाचा भुर्दंड कोणीं भरला?

बस बंद पडली कीं मोटारींतून हिंडणाऱ्या मंडळींच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असतें : "संपवाल्यांनीं जनतेला वेठीस धरलें!" २०१९ सालीं बेस्टचा संप झाला तेव्हां तें ऐकलें, २०२१-२२ मध्यें एस. टी. बंद होती तेव्हां ऐकलें, २०२३ च्या ऑगस्टांत पुन्हां ऐकलें. वाचकहो, वेठ म्हणजे काय हें ह्या लोकांनीं आपल्याला शिकवावें काय? आपल्या आज्यापणज्यांनीं सरकारी अंमलदारांच्या आणि वतनदारांच्या दारांत फुकट राबून ती भोगलेली आहे. शाहू महाराजांनीं ती आपल्या संस्थानांत बंद केली तेव्हां कोणाच्या पोटांत दुखलें, तेंही आपल्याला ठाऊक आहे. पुरता मोबदला न देतां माणसाचें अंग आणि वेळ घेणें, ही वेठ. हें माप लावून आतां संपाकडे पाहूं या.

२०१९ च्या जानेवारींत ८ तारखेपासून १६ तारखेपर्यंत नऊ दिवस बेस्ट बंद होती. सुमारें ३२ हजार कामगार संपावर, आणि रोजचे २५ लाखांच्या आसपास उतारू रस्त्यावर. मागण्या काय होत्या? कनिष्ठ श्रेणींत लागलेल्या कामगाराला वेतनांत न्याय द्यावा, आणि बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पांत मिळवावा. ह्यांत राज्य उलथून पाडण्यासारखें काय होतें? पण उच्च न्यायालयानें लक्ष घालून मध्यस्थ नेमीपर्यंत गाड्या कांहीं हालल्या नाहींत.

आतां उतारूचा हिशेब मांडा. त्या वेळीं बेस्टचें किमान भाडें ८ रुपये होतें. लोकलमधून उतरून घरकामाला जाणाऱ्या बाईला जातायेतां १६ रुपये पुरत. समजा, शेअर टॅक्सीवाल्यानें एका खेपेचे २० मागितले, तर तिचे रोजचे ४० झाले. म्हणजे दिवसाला २४ जास्त, नऊ दिवसांचे २१६. त्यांत एके दिवशीं पोंचायला उशीर झाला म्हणून मालकिणीनें खाडा धरला, तर ती मजुरी वेगळी. हे पैसे तिला मागाहून कोणीं भरून दिले? कामगाराच्या बाजूनें संघटना बोलली, बेस्टच्या बाजूनें वकील बोलले. ह्या बाईच्या वतीनें बोलायला कोणीहि उभें नव्हतें.

आणि ह्या बाईचा नवरा, भाऊ, भाचा कोण असतो? पुष्कळदां ड्रायव्हर, कंडक्टर किंवा डेपोंतला फिटर. एकाच घरचीं माणसें, एक बसमध्यें बसणारें आणि एक बस चालविणारें! त्यांना एकमेकांच्या उरावर बसवून द्यायचें आणि आपण गॅलरींतून "वेठ, वेठ" म्हणून ओरडायचें, ही युक्ति जुनी आहे.

आमच्या मोरव्याचें पाहा. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेकडून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी असा जातो. ह्या पट्ट्यांत रेल्वे नाहीं. स्टेशन गांठायचें तर बस, नाहीं तर रिक्षा, नाहीं तर पाय. बस चुकली कीं मासळीची पाटी घेतलेल्या बाईला पाहून रिक्षावाला पुढें निघून जातो, कॉलेजांतल्या मुलीचा पहिला तास बुडतो, रात्रपाळी करून आलेला वॉचमन चालत घरीं येतो. मिरा-भाईंदर महापालिकेची ही बस ठेकेदारामार्फत चालते. आणि संप नसतांनाही ती वेळेवर न येण्याचे दिवस थोडे नाहींत. त्याला मात्र कोणी "जनतेला वेठीस धरलें" म्हणत नाहीं!

ठेक्याची मेख नीट समजून घ्या. २०१९ च्या संपानंतर बेस्टनें आपल्या मालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचें संघटनेशीं कबूल केलें, आणि जोडीला ठेकेदारांच्या वेट लीजच्या गाड्या आणल्या. पुढें काय झालें? स्वतःच्या गाड्या निम्म्याच्याही खालीं गेल्या आणि ठेकेदाराच्या वाढल्या. गाडीवर नांव बेस्टचें, स्टीअरिंगवर बसलेला माणूस ठेकेदाराचा. रस्ता तोच, उतारू तेच, शिव्या त्याच. पगार मात्र कायम ड्रायव्हरापेक्षां कितीतरी कमी. २ ऑगस्ट २०२३ पासून ह्याच ड्रायव्हरांनीं पगारवाढ आणि समान कामाला समान वेतन मागत गाड्या उभ्या केल्या. उतारूनें विचारावें कोणाला? बेस्ट म्हणे, ते आमचे नोकर नव्हेत. ठेकेदाराला विचारावें, तर तो मिळणाऱ्या दराकडे बोट दाखविणार. आठवडाभरानें मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली. वेठीचें माप लावायचें तर तें येथें लावा.

एस. टी. ची गोष्ट ह्याहून जिव्हारीं लागणारी आहे. तिचें ब्रीद "बहुजन हिताय, बहुजन सुखाय". १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हांपासून खेड्यांतलें पोर तालुक्याच्या शाळेंत गेलें तें तिच्याच जिवावर. ती २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर बंद पडली आणि सुरळीत व्हायला २०२२ चा एप्रिल उजाडला. महामारीनें बंद असलेल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मास्तर म्हणून सांगतों, मुलीचा पास कपाटांत पडून राहिला कीं बाप चार दिवस वाट पाहतो, पांचव्या दिवशीं म्हणतो, "राहूं दे आतां शाळा." दहावी-बारावीच्या परीक्षा ह्याच संपांत झाल्या. सरकारनें काय केलें? खाजगी गाड्यांना उतारू नेण्याची मोकळीक दिली. खाजगी गाडी फायद्याच्या रस्त्याला धांवते. डोंगरापलीकडच्या वाडीला ती कशाला जाईल?

येथें संपाच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. कर्मचाऱ्यांचें दुःख खोटें नव्हतें. कित्येकांनीं त्या काळांत आपला जीव दिला. पण २४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारनें पगारवाढ जाहीर केली, नव्या कामगारांना ५ हजारांपर्यंत. ती पदरांत घेऊन गाड्या सोडायच्या आणि विलीनीकरणाचा लढा पुढें चालवायचा, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याऐवजीं तो पांच महिन्यांवर ताणला. विलीनीकरण मिळालें नाहीं. न्यायालयाच्या आदेशानें २२ एप्रिलपर्यंत कामावर परतायचें ठरलें. पुढाऱ्यांच्या सभा गाजल्या. वाडीवरच्या मुलीचीं बुडालेलीं वर्षें कोण परत देणार?

संपच करूं नये, असें म्हणणारे आम्ही नव्हे. "दीनबंधु" चालविणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनीं गिरणी कामगारांना एकत्र केलें नसतें तर १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली नसती. पण मालकाच्या गल्ल्याला झळ पोंचवायची असेल तर उतारूच्या पायांना कां पोंचवावी? जपानांत ओकायामा शहरीं २०१८ सालीं बसवाल्यांनीं गाड्या चालू ठेवल्या आणि भाडें घ्यायचें बंद केलें! इटलींत १९९० सालच्या कायद्यानें संपाच्या दिवशींही सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळ गाड्या चालाव्या लागतात. आपल्या पुढाऱ्यांना आणि सरकाराला हें सुचूं नये काय? मेस्मा लावायची धमकी तेवढी लगेच सुचते.

तेव्हां राई, मुर्धा, मोरव्याच्या, तशाच उत्तन-डोंगरीच्या उतारूंनीं आपली संघटना करावी आणि महापालिकेला लेखी विचारावें : ठेकेदाराला किलोमीटरमागें किती देतां? त्यांतून ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातीं किती पडतात, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला? एक फेरी बुडविली तर दंड किती, आणि आजवर किती वसूल केला? उत्तर आलें कीं तें मराठींत छापून भाईंदर स्टेशनाबाहेरच्या बसथांब्यावर चिकटवावें, आणि ड्रायव्हर-कंडक्टरांनाही तेथें उभें करून वाचून दाखवावें. पुढच्या संपाची बोलणीं होतील त्या टेबलावर एक खुर्ची उतारूंची मागावी. तिच्यावर मासळीवाल्या बाईला बसवावें. हिशेब तिला चांगला येतो.