डोळ्यांचे ऐका

घरात नवा टी.व्ही. आला की सगळ्यांना किती आनंद होतो! माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी ईदच्या आधी 43 इंची टी.व्ही. आला. पाठीमागून फुगीर असलेला जुना संच भंगारात गेला. चार दिवसांनी तो मुलगा वर्गात डोळे चोळत बसलेला मला दिसला. डोळे लाल झाले होते. कपाळ दुखत होते. मी विचारले, "काय झाले रे?" तो हळूच म्हणाला, "सर, नवा टी.व्ही. पाहून डोळे जळजळतात. पण घरी सांगू नका. अब्बा टी.व्ही.च बंद करतील."

त्याचे हे शेवटचे वाक्य मला फार खटकले. पायात काटा रुतला तर आपण लगेच सांगतो. मग डोळे दुखतात हे सांगायला भीती का वाटावी?

नंतर कळले की घरात याची चर्चा झालीच होती. दादी म्हणाल्या, नजर लागली. शेजारी म्हणाले, या टी.व्ही.तून वाईट किरण निघतात. या दुसऱ्या समजुतीला जुना आधार आहे. 1967 साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या काही रंगीत संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडतात, असे आढळले होते. ते संच काचेच्या मोठ्या नळीचे होते. आजच्या सपाट टी.व्ही.त ती नळीच नसते, म्हणून ते क्ष-किरणही नसतात. मग डोळे का दुखतात?

सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न-अल-हैसम नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. बसरा हे त्यांचे गाव. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. इब्न-अल-हैसम यांनी 'किताब-उल-मनाज़िर' या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. प्रखर प्रकाशाकडे पाहिले की डोळ्यांना वेदना होतात. म्हणजे प्रकाश बाहेरून येतो आणि डोळ्यांवर परिणाम करतो. डोळ्यांच्या तक्रारीकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. तिच्यातून ते शिकले. आपणही तसेच करू या.

एका संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. खोली दहा फुटांची. टी.व्ही. शोकेसच्या वर, जवळजवळ छताला टेकलेला. दिवा बंद. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे कूलरचा झोत थेट मुलांच्या तोंडावर. आणि पडद्यावर रंगांचा नुसता झगझगाट! माझी शंका मी त्याच्या अब्बांना सांगितली. त्यांनी रागावण्याऐवजी रिमोट हातात दिला.

दुकानात दहा टी.व्ही. शेजारी शेजारी लावलेले असतात. त्यांत आपला उठून दिसावा म्हणून चित्र फार प्रखर ठेवतात. त्या प्रकाराला 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असे नाव असते. घरी आल्यावरही ते कोणी बदलत नाही. आम्ही ते 'स्टँडर्ड' केले आणि उजेड कमी केला. खोलीतला दिवा लावला, कारण काळोखात प्रखर पडदा पाहताना डोळ्यांना जास्त त्रास होतो. टी.व्ही. खाली, नजरेच्या पातळीवर आणला. वर पाहताना पापण्या जास्त उघडतात आणि डोळे लवकर कोरडे पडतात. कूलरचे तोंड फिरवले. बसायची जागा सहा फूट लांब केली.

आणखी एक कारण आपल्याच सवयीत असते. आपण एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण खूप कमी होते. पापणी मिटली की डोळ्यांवर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पापणी मिटलीच नाही तर डोळे कोरडे पडून जळजळणार, हे उघड आहे. आठवड्याभरात त्या मुलाची तक्रार थांबली.

पण त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. त्याची धाकटी बहीण सारखी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसत होती आणि प्रत्येक वेळी बोलणी खात होती. "जवळ बसून डोळे खराब करून घेशील," असे सगळे तिला म्हणत. मी म्हणालो, "तिला रागावण्याआधी तिचे डोळे तपासा." तपासणीत तिला लांबचे कमी दिसते असे निघाले. जवळ बसल्याने तिची नजर कमी झाली नव्हती. नजर कमी होती म्हणून ती जवळ बसत होती! फळाही तिला नीट दिसत नव्हता. वर्गात ती मागे पडत होती आणि सगळे तिला आळशी समजत होते.

आता अम्मींना चिंता लागली. मुलीला चष्मा लागला तर लोक काय म्हणतील? मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायला हवे. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा. त्यावरूनच चष्मा हा शब्द उर्दूत आणि मराठीत आला. चष्म्याची लाज बाळगणे म्हणजे डोळ्यांची लाज बाळगणे. वर्गात एखाद्या मुलाला किंवा मुलीला चष्म्यावरून कोणी चिडवत असेल, तर तुम्ही त्याला थांबवा.

डोळे सतत दुखत असतील, फार लाल झाले असतील, अंधुक किंवा दोन-दोन दिसत असेल, तर घरगुती औषधे डोळ्यांत घालू नका. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले की मोकळेपणाने सांगा. बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात डोळे तपासता येतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. त्यात शाळेतील गरजू मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे.

आणि डोळ्यांना रोज विश्रांती द्या. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहा. टी.व्ही.पेक्षा मोबाईल डोळ्यांच्या अधिक जवळ असतो, म्हणून तो डोळ्यांना अधिक थकवतो. तैवान देशात 2010 पासून शाळकरी मुलांनी रोज 120 मिनिटे घराबाहेर, मोकळ्या उजेडात राहावे असा प्रयत्न सुरू झाला. त्यामुळे लांबचे कमी दिसण्याचा धोका कमी होतो. आपल्याला तर निसर्गाने भरपूर दिले आहे. जळगाव जामोदच्या मुलांनी सातपुड्याकडे पाहावे. बुलढाण्याच्या मुलांनी राजूर घाटातून खाली पसरलेला मुलूख पाहावा.

एकट्याने टी.व्ही. बंद करणे अवघड वाटते का? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली सर्वांनी मिळून ते ठरवले. संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजे आणि दीड तास टी.व्ही., मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसत. एका गावाला जे जमले, ते एका घराला का जमू नये?

नवा टी.व्ही. जरूर पाहा. पण डोळ्यांनी तक्रार केली तर ती लपवू नका. आणि घरातील मोठ्या माणसांना माझी विनंती आहे की, मूल डोळे दुखतात असे म्हणाले तर आधी त्याचे ऐका, मग टी.व्ही. पाहण्याची रीत सुधारा आणि गरज पडली तर डोळे तपासून घ्या. रागावायची वेळ बहुधा येणारच नाही.