डिकी डोक्यावर पडण्याआधी



हिवाळा आला की आपल्या वस्त्यांतून गाड्या निघू लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला कोरेगाव भीमा. नगरकरांना तर पेरणे फाट्याचा जयस्तंभ नगर-पुणे रस्त्यावरच लागतो. दोन-तीन घरे मिळून ओम्नी, ईको किंवा अर्टिगा ठरवतात. पहाटेच्या थंडीत मागचा दरवाजा, म्हणजे आपली डिकी, वर उचलून वळकट्या आणि भाकरीची गाठोडी आत सरकवली जातात. आणि नेमकी त्याच वेळी डिकी हळूहळू खाली येते. कोणाच्या डोक्याला लागते, कोणाची बोटे सापडतात. शिर्डी-शिंगणापूरच्या प्रवाशांची ने-आण करणाऱ्या आपल्या चालक भावांना तर दिवसातून दहा वेळा डिकीखाली वाकावे लागते. म्हणून या खेपेला डिकी तोलून धरणाऱ्या दोन दांड्यांविषयी बोलू. गॅरेजवाले त्यांना ‘डिकीचे शॉकअप’ म्हणतात.

या शॉकअपमध्ये असते काय? एक बंद नळी, तिच्यात नायट्रोजन वायू आणि थोडे तेल. वायू प्रचंड दाबाने भरलेला असतो. टायरमधील हवेच्या वीस पटींहूनही हा दाब जास्त असतो. तोच दांड्याला बाहेर ढकलतो आणि डिकी वर राहते. नळीच्या तोंडाशी रबराचे सील असते. वर्षानुवर्षांच्या वापराने आणि धुळीने ते झिजते, वायू कणाकणाने निसटतो आणि एके दिवशी डिकी तोलून धरण्याची ताकद उरत नाही. सर्व काही अनित्य आहे, तिथे रबराची काय कथा!

‘दुपारी बरोबर असते, पहाटेच पडते,’ अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तिचे कारण साधे आहे. थंडीत वायूचा दाब उतरतो. ४० अंशांच्या उन्हात जेवढा दाब असतो, त्यापेक्षा १० अंशांच्या पहाटे तो सुमारे दहाव्या हिश्शाने कमी होतो. नव्या शॉकअपला एवढी घट झेपते, थकलेल्याला झेपत नाही. तेव्हा पहाटेची ही खूण म्हणजे बदलण्याची वेळ आल्याची सूचना समजावी. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तरी तोच अर्थ घ्यावा.

बदलण्याचे काम दोघांचे आहे. घरातील कर्त्या मुला-मुलींना ते सहज जमते. नवे शॉकअप घेताना गाडीचे मॉडेल व साल दुकानदाराला सांगावे. जुन्या नळीवर ‘न्यूटन’मध्ये आकडा छापलेला असतो. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलोचा जोर. आकडा आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजेत. एकच खराब दिसले तरी जोडीच बदलावी, नाहीतर एका बाजूला जास्त जोर पडून डिकी वाकडी होते.

गाडी सपाट जागी, वाऱ्याच्या आडोशाला उभी करावी. डिकी पूर्ण उघडावी. एकाने ती दोन्ही हातांनी धरावी आणि शिवाय मजबूत लाकडाचा टेकू द्यावा. पोरांना लांब ठेवावे. शॉकअपच्या दोन्ही टोकांना वाटीसारखी खोबण असून ती गोल डोक्याच्या खुंटीवर बसलेली असते. खोबणीवरची तारेची क्लिप बारीक पेचकसाने थोडीशीच उचलावी, पूर्ण काढू नये, आणि टोक बाहेर ओढावे. काही गाड्यांत तिथे नटबोल्ट असतात, ते पान्याने खोलावेत. एक शॉकअप काढून त्याजागी नवे बसवावे, मगच दुसऱ्याला हात लावावा. दोन्ही एकदम काढू नयेत.

नवे शॉकअप हाताने दाबून आखूड होत नाही, म्हणून डिकी पूर्ण उघडी असतानाच ते बसवावे. बहुतेक गाड्यांत डिकी बंद असताना चकाकणारा दांडा खालच्या बाजूला राहतो. त्यामुळे आतले तेल सीलपाशी राहून ते कोरडे पडत नाही. जुने जसे होते तसेच नवे लावावे. दांडा पक्कडीने धरू नये, त्यावर ओरखडा पडला की नवे सीलही लवकर जाईल. खोबण ‘टक्’ आवाज करून बसली की टेकू काढावा आणि पहिल्यांदा डिकी अगदी सावकाश बंद करावी. कुठे अडली तर जोर लावू नये, लांबी चुकली असे समजावे. लाकडाचा टेकू हा या कामापुरताच. तो रोजचा उपाय करणे म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर संकट टांगून ठेवणे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काढलेले शॉकअप ‘मेलेले’ दिसते, पण त्यात दाब शिल्लक असतो. नायट्रोजन स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण कटर लावला, ड्रिल मारले, हातोडा घातला किंवा शेकोटीत टाकले, तर नळी फुटते आणि दांडा गोळीसारखा सुटतो. भंगार वेचणारे, तोडणारे हात बहुतेक आपल्याच भावा-बहिणींचे असतात. तेव्हा जुने शॉकअप बदलणाऱ्या गॅरेजमध्येच द्यावे. भंगारात द्यायचेच झाले, तर वेगळे ठेवून ‘यात दाब आहे, कापू नका’ असे तोंडाने सांगावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराचे शरीर ही त्याची एकमेव पुंजी असते आणि ती कायद्याने जपली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. कायदा सरकार करील, पण कापायच्या ढिगातली ती नळी बाजूला काढून ठेवणे आपल्याच हाती आहे. तथागतांनी ज्याला अप्रमाद म्हटले, ती सावधानता विहारापुरती नसते. ती डिकीखाली वाकतानाही लागते आणि आपण टाकलेली वस्तू पुढे कोणाच्या हाती जाईल याचा विचार करतानाही लागते.

यंदाच्या प्रवासाआधी एका पहाटे डिकी उघडून बघा. ती वर ठरली तर उत्तम. खाली आली, तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी हे काम उरकून घ्या.

नमो बुद्धाय! जय भीम!