साठवलं, पण कशासाठी?

लेख ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवण्याची पॉकेट नावाची सोय मोझिलानं ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावानं सुरू झालेल्या या सेवेच्या वापरकर्त्यांना आपला साठा उतरवून घ्यायला पुढे काही महिन्यांची मुदत मिळाली. हाती आली ती एक साधी तक्त्याची फाइल. लेखाचं शीर्षक, त्याचा पत्ता, वर्गवारीसाठी लावलेली लेबलं आणि लेख कधी साठवला हे सेकंदांत सांगणारा दहा आकडी क्रमांक, असा तिचा ऐवज. लेखांचा मजकूर तिच्यात नव्हता. तो लेख ठेवावासा का वाटला, हे तर आपण कुठे लिहून ठेवलं असेल तरच कळणार. इंटरनेटवर सापडलेल्या कामाच्या गोष्टींचा माग ठेवण्याची आपली सगळी रीतच इथे उघडी पडते. आपण पत्ते गोळा करतो आणि कारणं सोडून देतो. खरं तर उलट करायला हवं. दुव्याबरोबर, तो का ठेवला याची एक-दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहावीत. आणि तेवढंही सुचत नसेल, तर तो दुवा खुशाल सोडून द्यावा.

पत्त्यावर विसंबण्यात काय धोका आहे, ते गेल्या वीस वर्षांत पुरतं दिसलं आहे. आवडीच्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एकाच ठिकाणी आणून देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. दुवे साठवून ते इतरांनाही दाखवण्याची प्रथा रुळवणारी डिलिशस ही सेवा २००३ ची. तिला याहूनं घेतलं, पुढे विकलं, ती हातोहाती फिरली आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या प्रतिस्पर्ध्यानं अवघ्या ३५ हजार डॉलरना विकत घेऊन तिथल्या नव्या नोंदी थांबवल्या. सेवा टिकली तरी पानं टिकतील याचा भरवसा नाही. प्यू रिसर्च सेंटरनं मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठी वाचकाची अडचण तर दुहेरी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या खास फाँटवर चालत. त्या काळातलं एखादं पान इंटरनेट आर्काइव्हनं जपलेलं असलं, तरी तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. पान शाबूत, पत्ता शाबूत, पण वाचायला काही नाही. ‘पानशेत’ किंवा ‘गिरणी संप’ असे शब्द शोधयंत्रात टाकले तरी ते पान वर येत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नसतंच.

पत्त्यापेक्षा टिपण मोलाचं, हे दुवे साठवण्याची कल्पना मांडणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हॅनिवर बुश यांनी जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक’ मासिकात मेमेक्स नावाच्या काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं. टेबलाएवढं यंत्र, पोटात मायक्रोफिल्मवर पुस्तकं आणि कागदपत्रं, आणि एका कागदावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या, वापरणाऱ्यानं स्वतः आखलेल्या वाटा. धर्मयुद्धांतल्या चकमकींत आखूड तुर्की धनुष्य लांब इंग्रजी धनुष्याला भारी का ठरलं, याचा शोध घेणारा अभ्यासक त्यांनी उदाहरणाला घेतला आहे. तो संदर्भ जोडत जातो, मधे आपला शेरा घालतो आणि स्वहस्ते लिहिलेलं विश्लेषणाचं एक पानही त्या साखळीत जोडतो. काही वर्षांनी एका मित्राशी बोलताना वेगळाच विषय निघतो, लोक नव्या गोष्टींना विरोध का करतात हा; आणि तीच जुनी वाट तिथे उपयोगी पडते. एका प्रश्नासाठी ठेवलेला संदर्भ दुसऱ्या प्रश्नाला लागू पडेल, हे नुसत्या शीर्षकांच्या यादीवरून सहसा ध्यानात येत नाही. त्यासाठी आपण तेव्हा काय विचार करत होतो, ते समोर असावं लागतं.

असं टिपण म्हणजे सारांश नव्हे. वर दिलेल्या प्यूच्या पाहणीचंच घ्या. ‘इंटरनेटवरची पानं नाहीशी होण्याबद्दल चांगला अहवाल’ अशी नोंद केली तर ती वर्षभरानं शीर्षकाइतकीच मुकी. त्याऐवजी ‘२०१३ ची ३८ टक्के पानं गायब, मराठी संकेतस्थळांची अशी मोजणी कुणी केली आहे का? जिल्हा परिषदांच्या संकेतस्थळांपासून सुरुवात करता येईल’ असं लिहिलं, तर मूळ पान उद्या गेलं तरी आकडा हाती राहतो, प्रश्न राहतो आणि पुढचं पाऊलही राहतं. यामागे मानसशास्त्राचा जुना आधार आहे. नुसता वाचलेला शब्द जितका लक्षात राहतो, त्यापेक्षा स्वतः जुळवलेला अधिक राहतो, हे स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, आणि त्याला पुढे वारंवार पुष्टी मिळाली. बटण दाबून साठवण्यात अशी जुळवाजुळव होतच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की शोधयंत्र आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी असताना हा खटाटोप हवा कशाला? हवं ते हवं तेव्हा विचारावं. पण विचारण्यासाठी काय विचारायचं ते आठवावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलेलं असतं. यंत्र लेखाचा सारांश काढून देईल. त्या लेखातल्या तिसऱ्या परिच्छेदापाशी तुम्ही का थबकलात, हे ते कुठून सांगणार? दुसरा आक्षेप संग्राहकांचा: साठवणं हेही कामच आहे, आज निरुपयोगी वाटलेलं उद्या लाख मोलाचं ठरेल. खरं आहे, आणि मराठीत त्याचं सर्वांत मोठं उदाहरण वि. का. राजवाडे यांचं. पण ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत, जिचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यांनी पत्रं नुसती छापून सोडली नाहीत. त्यांना विस्तृत प्रस्तावना जोडल्या, आणि त्या प्रस्तावनांवर आजही वाद घालता येतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साठवण्यानं डोकं मोकळं होतं, हे निव्वळ समाधान नाही. स्टॉर्म आणि स्टोन या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की एक फाइल संगणकात साठवल्यावर माणसं पुढच्या फाइलमधला मजकूर अधिक चांगला लक्षात ठेवतात. म्हणजे साठवून विसरण्यालाही उपयोग आहे. मात्र त्याच प्रयोगांत, साठवण बेभरवशाची आहे हे कळताच तो फायदा नाहीसा झाला. मग भरवशाचं काय? दुसऱ्याच्या संगणकावरचा दुवा नक्कीच नाही. आपल्याच संगणकावरची, कुठल्याही यंत्रात उघडणारी साध्या मजकुराची फाइल बऱ्याच अंशी आहे. तिची एक प्रत दुसरीकडे ठेवली की झालं.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. प्रत्येक दुव्यावर दोन वाक्यं लिहायची तर दिवसाकाठी वीस दुवे साठवता येणार नाहीत. तेच तर हवं आहे. लिहिण्याचा कंटाळा ही इथे चाळणी आहे. जे तिच्यातून गळून पडेल, ते पुन्हा उघडलं जाण्याची शक्यता मुळातच कमी होती. धोका एवढाच, की आपल्या मताला दुजोरा देणाऱ्या गोष्टींवर दोन वाक्यं चटकन सुचतात आणि विरोधी पुराव्यासमोर लेखणी अडखळते. त्यावर चार्ल्स डार्विन यांचा एक नियम कामाचा आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी माहिती वा विचार दिसला की त्याची ताबडतोब, न चुकता नोंद करायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’वर आलेल्या आक्षेपांपैकी फार थोडे आपल्याला नवे होते, याचं श्रेयही ते याच सवयीला देतात. संगणकावरचा माग ठेवतानाही हा नियम लावावा: पटलेल्या दुव्याला दोन वाक्यं पुरेत, न पटलेल्याला चार द्यावीत.