गाडीवाल्यांना घाट ओलांडता येत नाही

मागच्या महिन्यात ट्रेकिंगच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नाणेघाटाची माहिती टाकली. कल्याणहून मुरबाड-माळशेज रस्त्याने जाणारी एसटी पकडा, वैशाखरे मागे पडलं की पायवाटेच्या तोंडाशी उतरा, घाट चढा, वर चालत घाटघरला जा, तिथून एसटीने जुन्नर आणि जुन्नरहून पुणे. पहिला प्रश्न आला, "सर, पार्किंग कुठे आहे?" दुसरा, "बसने? कोण जातं आता?" आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

कोण जातं ते सांगतो. मी जातो. माझे अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या पासावर आम्ही भावंडांनी अर्धा महाराष्ट्र पाहिला. त्यामुळे लाल डब्याबद्दल माझ्या मनात पक्षपात आहे, हे आधीच कबूल करतो. पण आजचा मुद्दा मायेचा नाही. गाडी घेऊन डोंगरात जाणारे स्वतःचं नुकसान करून घेतात आणि सोबत डोंगरातल्या माणसांचंही करतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्यांचं स्वतःचं नुकसान. नाणेघाट हा घाट आहे. यात काय मोठं सांगितलं, असं वाटेल. पण हे विसरलं गेलंय. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे माल याच वाटेने चढायचा. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा होता असं सांगतात. इतकी शतकं जी माणसं आणि जनावरं ही वाट चढली, त्यांतलं कुणी वरून खाली पाहून "चला, झालं" म्हणत परत फिरलं नसेल. ती पलीकडे जायला निघालेली होती. घाटाचा अर्थच पलीकडे जाणं.

गाडीवाल्याला पलीकडे जाता येत नाही. त्याची गाडी अलीकडे उभी असते. गाडी म्हणजे दावं आणि पार्किंग म्हणजे खुंटा. दावं जितकं लांब तितकंच चरायचं आणि संध्याकाळी खुंट्यापाशी यायचं. आता तर जुन्नरच्या बाजूने थेट माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. गाड्या येतात, मंडळी रांजणात डोकावतात, नाळेच्या तोंडाशी फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि परत. घाटाची एक पायरीही न उतरता नाणेघाट 'केला'.

भीमाशंकरचंही तेच. कर्जतहून खांडसला यायचं, गणेश घाटाने किंवा हिंमत असेल तर शिडी घाटाने चढायचं, वर देवळापाशी पोहोचून पुण्याची एसटी धरायची. सकाळी भाताची खाचरं, दुपारी दाट जंगल, संध्याकाळी देशावरची उघडी माळरानं. एका दिवसात कोकणातून देशावर, तेही पायी. हा दिवस कोणत्याही एसयूव्हीला विकत घेता येत नाही. ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे ते दोनशे किलोमीटरचा वळसा घालून गाडी दुसऱ्या बाजूला आणवतील, त्यांना माझा सलाम.

आता डोंगरातल्या माणसांचं नुकसान. इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला आवडत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी मी असाच एक घाट चढून माथ्यावरच्या एका गावात पोहोचलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पाचची गाडी होती. थांब्यावर माझ्याआधीच दोन जण बसलेले. एक म्हातारी, हातात औषधांची पिशवी, तिला तालुक्याला मुलीकडे मुक्काम करून सकाळी दवाखाना गाठायचा होता. दुसरा वसतिगृहात परतणारा अकरावीचा पोरगा. पाच वाजले, सव्वापाच, सहा. फोन केला तर डेपोतून उत्तर मिळालं, "आज गाडी सुटली नाही." का, ते नाही. एवढ्या वेळात आमच्यासमोरून कितीतरी मोटारी आणि ट्रेकवाल्यांच्या दोन भाड्याच्या मिनीबस गेल्या. पोरगा प्रत्येक गाडीला हात करत होता. एकही थांबली नाही. मग तिसरी मिनीबस आपणहून थांबली. माझ्या पाठीवरची सॅक बघून आतल्या लीडरने विचारलं, "ट्रेकर का? या, एक सीट आहे." मी म्हटलं, आजींना घ्या आधी. तो म्हणाला, "बुकिंगची गाडी आहे सर. गावातल्यांना एकदा घेतलं की प्रत्येक वेळी हात करतात." 

मी बसलो. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. आजी म्हणाली, "जा बाबा तू, तुला लांब जायचंय."

त्या मिनीबसमध्ये दोन तास मी हिशेब करत होतो. आत पंचवीसेक माणसं. तसल्या तीन बस, शिवाय मोटारी. दर शनिवार-रविवारी शेकडो माणसं त्या गावात येतात आणि त्यांतलं एकही एसटीच्या हिशेबात दिसत नाही. कोणती फेरी ठेवायची, कोणती तोडायची, हे महामंडळ भारमान बघून ठरवतं. म्हणजे गाडी किती भरली, तिकिटं किती फाटली. डोंगरातल्या गावाची लोकसंख्या वाढणार नाही, पोरं शहरात गेली. शाळेतल्या मुलींना पास मोफत आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलती चांगल्याच आहेत, पण डेपोच्या दृष्टीने ती फेरी 'उत्पन्नाची' नाही. तिथे पूर्ण तिकीट काढू शकणारे आपणच होतो, आणि आपण बाराशे रुपये भरून खाजगी मिनीबसमध्ये बसलो. मग फेरी तुटते. फेरी तुटली की आपण म्हणतो, "तिकडे एसटी जातच नाही, गाडीच न्यावी लागते."

एसटीचा भरवसा नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मी स्वतः त्या थांब्यावर बसलो होतो. 1 जून 1948 ला पुणे-नगर पहिली गाडी सोडणाऱ्या महामंडळाला 2020 नंतरही आपल्या गावफेऱ्यांचं धड वेळापत्रक इंटरनेटवर ठेवता येत नाही, याला काय म्हणावं? लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आरक्षण मोबाइलवर होतं. पण डोंगरातल्या गावाची शेवटची गाडी किती वाजता, हे कळायला चौकशीच्या खिडकीत वाकून विचारावं लागतं आणि तिथला माणूस आपल्याकडे न बघता उत्तर देतो. 2021 च्या दिवाळीत सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात मोडलेली सवय परत लागावी म्हणून कुणी काही केल्याचं मला दिसलं नाही. मी ज्या वाटांनी जायचो तिथल्या काही मुक्कामी गाड्या संपानंतर आल्याच नाहीत. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी. तिच्यावर गावाचं दूध, शाळा, कोर्टाची तारीख सगळं चालतं. आणि सूर्योदयाला डोंगरात असायचं असेल तर ट्रेकरच्याही ती सर्वांत उपयोगाची.

पण भरवसा नाही म्हणून वापर सोडला आणि वापर सोडला म्हणून भरवसा गेला, या चक्रातला आपला अर्धा वाटा नाकारता येत नाही. सरकारला तर या चक्राचं काही पडलेलंच नाही. गडाखाली गाड्यांची रांग लागली की उपाय ठरलेले: वाहनतळ वाढवा, रस्ता रुंद करा, रोपवे मंजूर करा, आणि पावसाळ्यात फारच झालं तर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश. शनिवार-रविवारी स्टेशनपासून पायथ्यापर्यंत दोन जादा एसटी सोडा, असा साधा उपाय कुणाच्या टिपणीत दिसत नाही. यात्रेला जादा गाड्या सोडता येतात ना? आषाढीला पंढरपूरसाठी महाराष्ट्रभरातून सुटतात. 

यात्रेवरून आठवलं. बसने जाऊन डोंगर चढणारे या राज्यात कमी नाहीत, फक्त त्यांना कुणी ट्रेकर म्हणत नाही. महाशिवरात्रीला खांडसच्या वाटेने भीमाशंकर चढणाऱ्या बायका, कल्याणहून बसने येऊन मलंगगड चढणारी कुटुंबं. माझी अम्मी साठीत, पायात स्लीपर घालून मलंगगड चढली, मध्ये दोनदा चहा पिऊन. तिने कधी विचारलं नाही की पार्किंग कुठे आहे.

रात्री-अपरात्री बायकांनी स्टँडवर कसं थांबायचं, असं एका मैत्रिणीने विचारलं, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बरेच स्टँड अंधारे आहेत, स्वच्छतागृहं तर विचारूच नका. एवढंच सांगेन की सकाळच्या पहिल्या गाडीत मला नेहमी बायकाच जास्त दिसतात, भाजीच्या पाट्या घेऊन. दिवे त्यांच्यासाठीही हवेत. त्या मागत असतील तर त्यांचं कुणी ऐकत नाही. आपल्यासारख्या इंग्रजीत तक्रार लिहू शकणाऱ्यांनी मागितले तर कदाचित ऐकतील. पण त्यासाठी आपल्याला आधी त्या स्टँडवर उभं राहावं लागेल.

ट्रेकच्या बॅच चालवणाऱ्यांशी माझं भांडण धंद्याचं नाही. पोट सगळ्यांना आहे. पण परतीच्या वाटेवर थांब्यावर माणूस उभा असेल आणि सीट रिकामी असेल तर थांबा. प्रत्येक वेळी हात करतील? करू देत.

येत्या शनिवारी मी पुन्हा नाणेघाटला निघतोय. कल्याण स्टँडवर, माळशेजकडे जाणारी पहाटेची पहिली गाडी. कंडक्टरला "वैशाखऱ्याच्या पुढे, नाणेघाटाच्या वाटेला" एवढं सांगितलं की तो उतरवतो. वर घाटघरच्या थांब्यावर दुपारी तीनच्या आत पोहोचू. गाडी आली तर जुन्नर. नाही आली तर तिथेच बसून सगळ्यांनी मिळून डेपोला फोन करायचा, आणि थांब्यावर आधीपासून जे कुणी असतील त्यांना सोडून निघायचं नाही. येणाऱ्यांनी डबा आणावा, गाडी आणू नये.