फिरता खण

आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानांना तोटा नाही आणि आपल्याकडे निमित्तांना. लग्न, मुंज, गणपती, संक्रांत! मग कपाटात एकदाच नेसलेल्या साड्यांची चळत आणि शेजारी ओटीत आलेले खण. हे खण मोठे प्रवासी. या ओटीतून त्या ओटीत, तिथून तिसरीत. ब्लाउज मात्र कोणीच शिवत नाही!

हल्ली कपड्यांच्या कंपन्या लेबलवर 'सर्क्युलर' हा शब्द मिरवतात. म्हणजे कापड फेकायचं नाही, फिरतं ठेवायचं. पण नुसतं फिरणं म्हणजे वापरणं नव्हे, हे आपल्या खणाने केव्हाच दाखवून दिलंय.

कापड पुरेपूर वापरलं ते आपल्या आज्यांनी. लुगडं विटलं की त्याचं बाळाला दुपटं, जुन्याचे थर लावून धावदोऱ्याची गोधडी, ती विरली की पायपुसणं. इतर कपडे बोहारणीला देऊन, घासाघीस करून एखादं पातेलं घ्यायचं.

आणि इथे? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबाने २०१८ साली देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन कापड कचऱ्यात निघालं. त्यातलं १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरलं गेलं. पुन्हा कामी आलं जेमतेम १४.७ टक्के. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण परदेशातले टाकलेले लोकरी कपडेही तिथे पोचतात. रंगाप्रमाणे निवडून, पिंजून, पुन्हा सूत कातून त्यांची ब्लँकेटं होतात. आपल्या साड्यांचं तसं सोपं नाही. सुती, पॉलिएस्टर आणि जर एकत्र विणलेली असली की धागे वेगळे करणं कठीण. तेव्हा साडीचा उत्तम उपयोग एकच: ती नेसणं.

म्हणून आम्ही सुचवतो, येत्या संक्रांतीला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी आपल्याच कपाटातली एकेक चांगली, धुतलेली साडी वाण म्हणून लुटावी. "वापरलेली वस्तू वाणात?" असं कोणी म्हणेलच. पण आईची जुनी पैठणी आपण मिरवतोच ना! शिवाय नव्याने आलेल्या मुलींना आणि इथे वाढलेल्या लेकींना साडी लागते, तीनशे डॉलरची नको असते.

अट एकच. घेणारीने पुढच्या संक्रांतीच्या आत ती निदान दोनदा नेसायची. नाहीतर साडीचाही खण व्हायचा!