सरोवरात गटार कोणाच्या हुकमाने?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे लोणारच्या सरोवरात उतरत राहिले, ही महाराष्ट्राच्या नगररचनेला काळिमा फासणारी गोष्ट आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने कोरलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. असे ठिकाण जगात क्वचितच सापडते. २००० साली ते अभयारण्य झाले, नोव्हेंबर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. हे मानसन्मान मिरवणाऱ्या सरकारला काठावरचे गटार अडवता येऊ नये?

जागेवर जाऊन पाहा. विवराचा उंच काठ ईशान्येला धारेच्या घळीने फोडला आहे आणि शहर वसले आहे त्याच अंगाला. तिथल्या गोमुखातून गोडे पाणी पडते, भाविक त्याखाली स्नान करतात. तिथून सरोवराकडे जाणाऱ्या ओघात वस्तीतला साबणाचा फेस आणि मैल्याचे पाणी मिसळत आले आहे. वर तीर्थ, खाली गटार!

या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. ते फक्त वाफ होऊन उडते. सांडपाण्यातून आलेले नत्र आणि स्फुरद मात्र तिथेच साचतात. इथले पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. त्या खारेपणावरच इथले शेवाळ आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव जगतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले ते याच सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. त्या नवलाईची चर्चा देशभर झाली. मग हजारो वर्षांत घडलेले हे रसायन शहराच्या मोरीच्या पाण्याने विटाळण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

कायद्याकडे बोट दाखवण्याची सोय नाही. गटारांची व्यवस्था हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे, असे १९६५चा नगरपरिषद अधिनियम सांगतो. १९६६च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा सक्तीचा केला. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या शाश्वत विकास ध्येयांतले अकरावे ध्येय शहरांचे, आणि नैसर्गिक वारशाचे रक्षण त्यातच लिहिलेले आहे. भारताने ते मान्य केले आहे. तरीही नागरिकांना २००९ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन जावे लागले. ज्यांनी पगार घेऊन करायचे ते काम न्यायालयाने कान धरून करून घ्यावे, याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

पैशाचे रडगाणेही आम्ही ऐकून घेणार नाही. २०२२ मध्ये लोणारसाठी सुमारे ३७० कोटींच्या आराखड्याला सरकारने मंजुरी दिली. त्यातून पर्यटकांसाठी रस्ते आणि सोयी होतील, होऊ द्या. पण पहिला रुपया भुयारी गटारावर आणि मैलापाणी शुद्धीकरणावर पडला पाहिजे. शौचालयाचे पाणी सरोवरात जात असताना काठावर दिव्यांची रोषणाई करणे म्हणजे सडलेल्या जखमेवर रेशमी पट्टी बांधणे होय.

लोणारच्या सामान्य माणसाला आम्ही दोष देत नाही. त्याच्या घरापुढे नाली काढली ती पालिकेने आणि तिचे तोंड कुठे सोडायचे हेही पालिकेनेच ठरवले. लोणारचा विकास आराखडा सरोवरापासून सुरू झाला पाहिजे: आधी उतार, मग नाल्या, मग पाणलोट आणि शेवटी इमारती. शुद्ध केलेले पाणी विवरात न सोडता बाहेरच्या शेतांना द्या. विवराच्या काठालगत नव्या बांधकामाला एक वीटही लावू देऊ नका.

आमची मागणी रोखठोक आहे. प्रत्येक नालीचा नकाशा नगरपरिषदेने चावडीवर लावावा, ती कुठे संपते ते लिहावे आणि ती बंद करण्याची तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव त्याखाली द्यावे. तारीख उलटली तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. आणि लोणारकरहो, मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी आपल्या गल्लीतल्या नालीचे तोंड दाखवा आणि मगच त्याचे भाषण ऐका!