मुका गजर

वेळ पाळण्यासाठी घेतलेले यंत्रच आपल्या मर्जीने वेळ चुकवू लागले, तर त्याच्यावर विसंबणाऱ्याने काय करावे? मोबाइलच्या बाबतीत हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

२०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’, म्हणजे डुलकी, आली. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर ॲपची पडद्याआडची कामे थांबतात. त्यांनी लावलेले साधे गजरही पुढे ढकलले जातात. २०१७ च्या आठव्या आवृत्तीनंतर पडद्याआडच्या ॲपला फोनचा ठावठिकाणा तासातून मोजक्याच वेळा कळू लागला. २०२१ मध्ये नेमक्या मिनिटाला वाजणाऱ्या गजरासाठी वेगळी परवानगी आली. २०२३ पासून ती नव्या बहुतेक ॲपना आपोआप मिळेनाशी झाली.

ही बंधने अन्यायाची आहेत असे मी म्हणणार नाही. प्रत्येक ॲप मिनिटामिनिटाला फोन जागा करू लागले, तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकायची नाही. माझा आक्षेप बंधनाला नाही, त्याच्या मुकेपणाला आहे.

आमच्या नवीन जालन्याचेच पाहा. कुंडलिकेकाठची ही बाजारपेठ सभोवतालच्या मोसंबी, कापूस, सोयाबीनवर जगते. याच मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडी वीज कोसळून माणसे-गुरे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या ठिकाणाभोवतीच्या विजेचा इशारा देते. परंतु काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी न उघडलेली ॲप परस्पर बंद करतात. इशारा देणारेच असे झोपवले गेले, तर बांधावरच्या शेतकऱ्याला ते कसे कळणार? इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असाच अर्थ तो लावणार! रक्तदाबाच्या गोळीची आठवण ॲपवर सोपवणाऱ्या वृद्धांचीही हीच गत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ‘हे ॲप मी झोपवले आहे, त्याचा इशारा उशिरा येईल’, असे फोनने मालकाला स्वच्छ मराठीत सांगावे. कोणाला जागे ठेवायचे, हे मग मालक ठरवील.

तोवर आपण विद्यार्थ्यांनी एक काम करावे. सुट्टीत गावी गेल्यावर वडीलधाऱ्यांचा फोन हाती घ्यावा, सेटिंगमध्ये जाऊन इशाऱ्याच्या व औषधाच्या ॲपवरील बॅटरीचे बंधन काढावे, लागतील त्या परवानग्या द्याव्यात आणि हे का केले, तेही त्यांना समजावून सांगावे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो, तसेच हेही एक काम समजावे.